हळदकुंकू मधोमध वाहावे

सध्या रहिमतपुरात मी कुठेही स्कूटर लावली की कुणी ना कुणी अडवतं. परवा भाजीबाजारात एका बाईंनी मेथीची जुडी माझ्यावर रोखून विचारलं, "आवं काका, आधी जावंच्या घरी गेलं तरी फोन आपला आपण चालायचा. आता तिथं गेलं की नव्यानं कार्ड दाखवा! ही सुधारणा म्हणायची व्हय?" मी मान खाली घालून पुढे गेलो. बाईंचं म्हणणं खरं आहे. आधी चालायचं. चालायला नको होतं, पण चालायचं. ती चूक माझी होती, आणि तिच्यापायी एक बाप आपल्या मुलीशी बोलेनासा झाला होता.

संपादकांनी मला 'निवृत्तीनंतरचा गमतीदार धंदा' या विषयावर लिहायला सांगितलं आहे. गमती आहेत, त्या सांगतोच. पण गमतींच्या पोटात दडवून ठेवलेली एक गोष्ट आहे, ती या निमित्ताने बाहेर काढतो. गावात तिच्या तीन-चार आवृत्त्या फिरताहेत. खरी ही.

मी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो. खांबावर चढण्यात जन्म गेला. निवृत्त झालो तेव्हा घरोघरचे टेलिफोन आधीच मुके झाले होते. लोक त्यांच्यावर क्रोशाचा रुमाल टाकून शोभेला ठेवत होते. माझा मुलगा प्रशांत याने गावात इंटरनेटचा धंदा सुरू केला. खांबांवरून काचेची तार घरात आणायची, तिच्या टोकाला वायफायचा डबा लावायचा, की घरातले सगळे फोन बिनतारेने चालतात. प्रशांत म्हणाला, "बाबा, तुम्ही फक्त घरोघर जाऊन लोकांना समजावून सांगा. तुमची ओळख आहे." ओळख होतीच. अर्ध्या गावाचे टेलिफोन मी जोडले होते आणि उरलेल्या अर्ध्या गावाने ते जोडले नाहीत म्हणून मला शिव्या दिल्या होत्या.

समजावून सांगण्यात मुख्य अडचण पासवर्डची. डबा लावला की त्याला एक नाव आणि एक पासवर्ड द्यावा लागतो. तो इंग्रजीत. घरी पाहुणे आले की यजमान मला फोन करणार, आणि मी जेवणाच्या ताटावरून ओरडणार, "बी... बी बाळूचा! पुढं डी, डी दिनकरचा!" पलीकडून आवाज, "बाळू आणि दिनकर दोन्ही टाकू का?" बायको म्हणायची, खात्यात होतात तेव्हा निदान जेवताना तरी गप्प असायचात.

मग ते कोडचं कार्ड आलं. काळ्या-पांढऱ्या चौकोनांची जाळी असते ती. पैसे द्यायला दुकानादुकानांत असते तशीच दिसते, पण काम वेगळं. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा कोड म्हणजे एक चिठ्ठी आहे. तुमच्या घरच्या नेटचं नाव आणि पासवर्ड त्या चौकोनांच्या लिपीत लिहिलेला असतो. पाहुण्याने कॅमेरा धरला की फोन ती चिठ्ठी वाचतो आणि पासवर्ड आपणच भरतो. माणसाला ते नाव बघावं लागत नाही आणि पासवर्ड वाचावा लागत नाही. एकदा भरला की फोन तो कायम लक्षात ठेवतो. पुढच्या खेपेला त्या घरात पाऊल टाकलं की न विचारता जोडला जातो. कोडाच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात. ते फोनचे डोळे समजा. त्यांच्यावरून त्याला कळतं की कोड कुठे आहे आणि सरळ आहे की तिरका. मधला थोडा भाग पुसला गेला तरी फोन अंदाजाने वाचून घेतो. पण ते तीन कोपरे झाकले की आंधळा.

मी प्रत्येक घराचं कार्ड वेगळं छापून, प्लॅस्टिकमध्ये बंद करून, भिंतीवर चिकटवायला लागलो. लोकांना वस्तू आवडली. आमच्या केशकर्तनालयाच्या मालकाने कार्ड खुर्चीच्या मागच्या भिंतीवर लावलं. गिऱ्हाईक दाढीला बसलं की आरशातून कोड दिसायचा, पण आरशातला उलटा कोड सगळ्याच फोनना वाचता येत नाही. मग गळ्यावर वस्तरा असताना गिऱ्हाईक मान वळवून, हात उंच करून कोड धरायला बघायचं. मी म्हटलं, "अहो, कार्ड समोर लावा, एखाद्याचा गळा कापाल." मालक शांतपणे म्हणाला, "समोर लावलं तर येणारा-जाणारा दारातनंच धरून न्हेल. हितं बसलाय तो पैशे देऊनच उठतोय."

एक निवृत्त सुभेदार होते. त्यांनी कार्ड लोखंडी कपाटात ठेवलं आणि चावी जानव्याला. पाहुणा आला की आधी किती वेळ बसणार ते विचारायचे, मग कपाट उघडून कार्ड क्षणभर दाखवायचे आणि पुन्हा आत. मला म्हणाले, "पासवर्ड उघडा टांगायचा असेल तर दाराला कुलूप कशाला लावायचं?" मी हसलो होतो. गावात एकटा तोच माणूस शहाणा होता, हे मला फार उशिरा कळलं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती दसऱ्यापासून सुरू होते.

खंडेनवमीला आपल्याकडे ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा करतात. कोयता, नांगर, शिलाईचं मशीन, गाडी. त्या वर्षी घरोघर वायफायच्या डब्याला झेंडूची माळ पडली. मला बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू झाले. "काका, पाहुण्यांचं नेट लागंना." एका घरून, दुसऱ्या घरून, अख्ख्या गल्लीतून. मला वाटलं तार तुटली. पहिल्या घरी जाऊन बघतो तो डबा ठणठणीत. भिंतीवरच्या कार्डाकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. तीन कोपऱ्यांतल्या तीन चौकोनांवर नीट ओल्या हळदीची बोटं, त्यावर कुंकू. प्रत्येक घरात हेच. नंतर विचार केला तेव्हा पटलं. बाईमाणूस हळदकुंकवाची करंडी घेऊन त्या कार्डासमोर उभी राहिली, तर तिची बोटं जाणार कुठे? बाकी सगळी गिचमिड, आणि तीन कोपऱ्यांत तीन सुबक चौकटी, जणू त्यासाठीच आखून ठेवलेल्या. गावातल्या सगळ्या बायकांनी एकमेकींना न विचारता नेमके फोनचे तिन्ही डोळे लिंपून टाकले होते.

तुम्ही म्हणाल, वर प्लॅस्टिक होतं, पुसायचं. मी खिशातून रुमाल काढला तशी त्या घरची आजी ओरडली, "आवं, काय करताय! वाहिलेलं कुकू पुसताय व्हय? सवाष्णी हायत्या घरात!"

रुमाल पुन्हा खिशात गेला. एकाही घरात मला कुंकू पुसू दिलं नाही. कार्ड काढून नेऊ दिलं नाही, ते देव्हाऱ्यात गेलं. "दुसरं द्या," म्हणाले सगळे. दिवाळी तोंडावर. गावोगावचे पाहुणे येणार, आणि आमच्या भागात पाहुणा आला की चहाच्या आधी नेट मागतो.

छपाईवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "काका, एकसारखी कार्डं पाहिजेत तर उद्या घेऊन जावा. घरटी वेगळी पाहिजेत तर दिवाळी झाल्यावर या." त्याच्या दुकानात लग्नपत्रिकांचे ढीग होते, त्यांच्याकडे बघत मी उभा होतो. आणि मला कल्पना सुचली. मी आजवर डब्याप्रमाणे कार्ड बनवत होतो. उलटं केलं तर? कार्ड एकच छापायचं, आणि घरोघर जाऊन डबा कार्डाप्रमाणे करायचा. सगळ्या घरांना एकच नाव, एकच पासवर्ड. नाव ठेवलं 'शुभ', पासवर्ड 'लाभ'. पासवर्डला इंग्रजी आठ अक्षरं तरी लागतात, म्हणून लाभ दोनदा.

कार्डाच्या मधोमध छपाईवाल्याकडून एक पांढरं कमळ काढून घेतलं, मधला भाग झाकला तरी चालतो म्हणून. खाली बारीक अक्षरात ओळ छापली: 'हळदकुंकू मधोमध वाहावे.' खरं सांगतो, खात्यात एवढी वर्षं काढली, पण स्वतःच्या डोक्यातून निघालेल्या वस्तूचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. पुढच्या दसऱ्याला सगळ्या गावाची कमळं लालपिवळी झाली आणि एकही फोन आला नाही. शेजारच्या गावांतूनही मागणी आली. तिथेही तीच कार्डं.

प्रत्येक घरी कार्ड चिकटवताना मी एक वाक्य न चुकता म्हणायचो. "हा तुमच्या घरचा खास पासवर्ड आहे बरं का. दुसऱ्या कुणाला देऊ नका." का म्हणायचो? गिऱ्हाइकाला ऐकायला बरं वाटतं म्हणून.

प्रशांतला मी हे सांगितलं नव्हतं. त्याला वाटायचं बाबांचं काम चोख आहे, तक्रार येत नाही. लोकांना वाटायचं काकांचं नेट लांबवर पोचतं. आमचा पोस्टमन अख्ख्या गावात फिरताना मुलाशी तोंड बघत बोलायचा, कॉल एकदाही तुटायचा नाही. मला म्हणाला, "काका, तुमच्या डब्याला लय दम हाय." मी म्हटलं, "हाय खरा."

आता दिनकर. दिनकर हा खात्यातला माझा जोडीदार. मी खांबावर, तो खाली तारा जोडायला. सरळ माणूस, पण यंत्रावर त्याचा भारी विश्वास. मीटरने सांगितलं की खांबात दोष आहे, तर वर चढलेल्या मी कितीही ओरडून सांगितलं की नाही, तरी तो मीटरचं ऐकायचा. त्याची एकुलती एक मुलगी अश्विनी मिरजेला एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन होती, तिथेच मैत्रिणींबरोबर खोली करून राहायची. तिच्यासाठी विट्याचं एक स्थळ आलं. विट्याची माणसं देशभर सोनं गाळायची दुकानं चालवतात, तसं यांचं दुकान कोइमतूरला. मुलाचं नाव सुशांत. स्थळ आणलं होतं सुशांतच्या मावशीने. ती आमच्यापासून जवळच, कोरेगावच्या वाटेवरच्या एका गावात राहते, आणि तीही माझंच गिऱ्हाईक. मंडळी आदल्या दिवशी येऊन मावशीकडे उतरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दिनकरकडे आली. मलाही बोलावलं होतं.

पोहे आले. अश्विनी चहा देऊन समोर बसली. मुलाने तिला मिरजेचं काही विचारलं, तिने उत्तर दिलं, दोघंही थोडं हसले. सगळं रीतसर चाललं होतं. मग बोलायला विषय संपले तसं दिनकरला आपलं नेट दाखवायची हुक्की आली. भिंतीकडे बोट करून म्हणाला, "सुशांतराव, ते कार्ड बघा. आमच्या वसंताचं डोकं आहे ते. फोन नुसता धरा, लागतं."

सुशांतने खिशातून फोन काढला. बघितलं. पुन्हा बघितलं. "लागलंय की," म्हणाला.

"अहो, धरा आधी कार्डासमोर."

"नाही, आधीच लागलंय. दारात आल्यापास्नंच."

दिनकरचा हात बोट दाखवलेला तसाच राहिला. मला त्याच क्षणी कळलं. पोराने आदल्या दिवशी मावशीच्या घरी कार्डासमोर फोन धरला असणार. तिथलं शुभलाभ आणि इथलं शुभलाभ एकच. फोन बिचारा ओळखीचं घर समजून आत आला होता. कार्ड मावशीकडेही असंच होतं, पण त्यावरून कुणाला काय कळणार? एका हाताची कार्डं, सारखी दिसायचीच. आतली चिठ्ठीही सारखी आहे हे डोळ्यांना कुठे कळतं?

दिनकरने डोक्यात मीटर लावला. मी त्याला ओळखतो, मला तो लावताना दिसला. "नवा फोन घरात आला तर त्याला कार्ड दाखवायला लागतं," तो सावकाश म्हणाला. "याला दाखवलं नाही. म्हणजे हा फोन या घरात याआधी येऊन गेलाय."

सुशांतची आई मुलाकडे बघत होती, दिनकरची बायको सुमनवहिनी मुलीकडे.

"वसंता," दिनकर माझ्याकडे वळला, "तू सांग. कार्ड दाखवल्याशिवाय फोन लागतो का?"

हा क्षण मी पुष्कळ वेळा परत जगलो आहे. समोर मुलाची मावशी बसली होती. तिला मी खास पासवर्ड म्हणून तोच दिला होता. दिनकरला तोच. खरं बोललो असतो तर संध्याकाळपर्यंत गावाला कळलं असतं की सगळ्यांच्या घराला एकच किल्ली आहे आणि ती काकांनी सगळ्यांना वाटली आहे. प्रशांतचा धंदा बसला असता. मी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हणालो, "नाही. एकदा तरी दाखवावंच लागतं."

यातला शब्द न् शब्द खरा होता.

"अश्विनी," दिनकर म्हणाला, "हा मुलगा इथं कधी आला होता?"

"बाबा, मी यांना आज पहिल्यांदा बघतेय."

"फोन खोटं बोलतोय?"

"मला काय माहीत फोनचं?"

सुशांत उठून उभा राहिला. "काका, आईशपथ, मी रहिमतपुरात आजच आलोय," असं तो म्हणाला, पण म्हणताना त्याचे कान लाल झाले, आणि लाल कानाच्या माणसाची शपथ कोण मानतं? एवढ्यात त्याची आई खदखदून हसायला लागली. "अगं बया! म्हंजी पोरांनी आधीच जुळवलंय! आणि आपण हितं पोह्यात लिंबू पिळत बसलोय!" मावशीने टाळी वाजवली. "तरीच! मिरज-विटा काय लांब हाय का? मी म्हणलं पोरगं एकाच फोटोला कसं काय हो म्हणालं." सुशांतचे वडील हसत दिनकरला म्हणाले, "व्याही, आता विचारायचं काय राहिलंच न्हाई. साखरपुड्याचा दिवस काढू."

आणि दिवस काढला. त्याच बैठकीत. दोन्ही मुलं 'अहो पण' म्हणत होती आणि दोन्हीकडची मंडळी त्यांच्याकडे बघून कौतुकाने हसत होती. जितकं ती नाही म्हणत होती तितकं सगळ्यांना खरं वाटत होतं. माझ्या कार्डाने असं लग्न जमवलं, आणि मी त्या लग्नात पाण्याच्या टाकीपाशी उभा राहून पाहुण्यांना पाणी देत होतो. कुणाच्या नजरेला नजर द्यायला नको म्हणून ते काम मागून घेतलं होतं.

दिनकरने लग्नात काही कमी केलं नाही. पण मुलीची पाठवणी झाली आणि त्याने बोलणं टाकलं. भांडण नाही, शब्द नाही. अश्विनीचा फोन यायचा तो सुमनवहिनींच्या फोनवर. वहिनी म्हणायच्या, "घ्या, बोला," की हा उठून परसात. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या लेकीबाळींचे कॉल जोडून दिले, तो स्वतःच्या मुलीचा कॉल घेईना. एकदा मी त्याला छेडलं. तेव्हा म्हणाला, "गड्या, प्रेम केलं त्याचं मला काय न्हाई. सांगितलं असतं तर मी स्वतः हार घेऊन विट्याला गेलो असतो. पण मला सोफ्यावर बसवून माझ्यासमोर नाटक केलं. माझ्या घरात, माझ्या माघारी तो येऊन गेला आणि ती म्हणते पहिल्यांदा बघतेय. मला येडा समजली ती." मी पायातली चप्पल बघत बसलो.

वर्षं गेली. अश्विनीने कोइमतूरला लॅबमध्ये नोकरी धरली. यंदा गौरीला ती माहेरी आली. दिनकरच्या घरचं नेट मंद झालं होतं म्हणून मी गेलो होतो. दिनकर नेहमीप्रमाणे परसात. मी डब्याशी खटपट करत होतो, ती माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"काका, एक विचारू? त्या दिवशी यांचा फोन कसा लागला?"

मी डब्यातली पिन काढून पुन्हा तीच बसवली.

"मी लॅबमध्ये दिवसभर रिपोर्ट बघते," ती म्हणाली. "कारण असल्याशिवाय रिपोर्ट पॉझिटिव्ह येत नाही. मला वाटतं हे आधी येऊन घर बघून गेले असतील, आणि आता लाजेने कबूल करत नाहीत. यांना वाटतं मीच कुणाच्या हातून कोडाचा फोटो पाठवला. सगळं चांगलं आहे आमचं, काका. पण भांडण झालं की गाडी शेवटी तिथंच येऊन थांबते. 'फोन कसा लागला ते आधी सांग.'" ती हसली. मग म्हणाली, "आणि मला ना, त्या दिवशी कुणी विचारलंच नाही. मी नाही म्हणणार नव्हते. आवडले होते मला. पण मुलगा पसंत आहे का, असं बाबांनी विचारावं, मग मी खाली बघून थोडा वेळ लावावा... ते राहिलंच."

आता तरी मी सांगायला हवं होतं की नाही? मी म्हणालो, "रेंजचं काहीतरी असतं बाळ." मोबाइलमधलं काही सांगायचं नसलं की रेंजवर ढकलायचं, हे आमच्या धंद्यातलं पहिलं सूत्र. ती समजूतदारपणे मान हलवून आत गेली. चार दिवसांनी कोइमतूरला परत गेली. जाताना दिनकर परसातच होता.

ती गेल्यावर मला अन्न गोड लागेना. आधी प्रशांतला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, सगळ्या गावाचा पासवर्ड लाभलाभ?" आणि डोकं धरून खुर्चीत बसला. त्याच्या बायकोला मात्र हसू आवरेना. घरटी वेगळे पासवर्ड त्याने केले ते नंतर. तसाच उठून मी दिनकरकडे गेलो. तो परसात झाडांच्या आळ्यांना नळीने पाणी घालत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दसरा, कुंकू, छपाईवाला, शुभ, लाभ दोनदा, मावशीचं घर. अश्विनी शेवटी काय म्हणाली तेही सांगितलं. नळी त्याच्या हातातून एकाच आळ्यात वाहत राहिली, आळं भरून पाणी माझ्या पायावर आलं.

"मी विश्वास कसा ठेवू?" तो म्हणाला. "तू तवा पण खरंच बोललास न्हवं?"

"मग तपासून बघ. मीटर आणायचा का?"

"चल," तो म्हणाला, आणि पाय न पुसता माझ्या स्कूटरवर मागे बसला.

मावशीच्या घराची पायरी दिनकरने कधीही चढलेली नव्हती. लग्नानंतर त्या बाजूच्या कुणाकडेच तो गेला नव्हता. म्हणजे त्याचा फोनही कधी तिथे गेलेला नव्हता. अंगणात स्कूटर थांबवली. दिनकरने चष्मा लावून फोन हातात धरला आणि बाँब धरल्यासारखा पुढे करत एकेक पाऊल टाकत दारापर्यंत गेला. उंबऱ्यापाशी थांबला. फोन त्याने माझ्याकडे वळवला. वायफायची खूण लागलेली होती. शुभ.

तेवढ्यात मावशी पदराला हात पुसत बाहेर आली. बघते तो व्याही दारात. "आवं, या की! आज सूर्य कुणीकडनं उगवला? थांबा, पाहुण्यांचं कार्ड आत हाय, दाखवते."

"नको," दिनकर म्हणाला. "लागलंय."

मावशी जागच्या जागी थबकली. फोनकडे बघितलं, दिनकरकडे बघितलं, आणि तिचे डोळे बारीक झाले. "लागलंय? कार्ड न दाखवता? आवं व्याही, मग तुमी याआधी कवा येऊन गेलासा? आमचे मालक तर दिवसभर रानात असत्यात!"

दिनकरचे कान लाल झाले. "आईशपथ सांगतो, मी आजच—" एवढं बोलला आणि एकदम थांबला. उंबऱ्यावर मटकन बसला. मग त्याचे खांदे हलायला लागले. मी घाबरलो. पण तो हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, आणि मग हसणं थांबलं तरी पाणी चालूच राहिलं. मावशीला मी घाईघाईने सगळं सांगितलं. ती मला काय काय म्हणाली ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

"अश्विनीचा नंबर हाय का?" दिनकरने मावशीला विचारलं. त्याच्या फोनमध्ये मुलीचा नंबरच नव्हता. मावशीने लावून दिला. घंटी वाजायला लागली तसा त्याने दचकून फोन तोंडासमोर सरळ धरला. चुकून आवाज मोठा झाला, त्यामुळे आम्हालाही ऐकू येत होतं.

"हॅलो?" पलीकडून अश्विनी.

दिनकरने घसा खाकरला. शेवटी जन्मभर खांबाखाली बसून जे बोलायचा तेच बोलला. "हॅलो, टेस्टिंग. आवाज येतोय का?"

पलीकडून, "बाबा?"

"आवाज येतोय का?"

"येतोय बाबा."

"स्पष्ट?"

"स्पष्ट."

"मग ऐक. फोन कसा लागला ते आज कळलं. तुझी चूक न्हाई, पोराचीबी न्हाई. वसंताची हाय. ते सुमन सांगंल सगळं." त्याने श्वास घेतला. "त्या दिवशी तुला एक विचारायचं राहिलं. मुलगा पसंत हाय का?"

पलीकडे पातेल्यावर झाकण पडल्याचा आवाज झाला. कुणीतरी पुरुषी आवाजात विचारलं, कोण आहे गं. अश्विनीचा आवाज जरा लांबून आला, "थांबा हो जरा. बाबा विचारतायत, तुम्ही पसंत आहात का." मग ती पुन्हा जवळ आली. रडत होती की हसत होती ते सांगता येत नाही.

"बाबा, थोडा विचार करून सांगितलं तर चालेल?"

"घाई न्हाई," दिनकर म्हणाला. "सावकाश सांग." आणि फोन कानाशी धरून तो तिथेच उंबऱ्यावर बसून राहिला.